उतार पाहून अंगण

बुलढाणा जिल्ह्यातल्या माणसाला गाव विचारलं, तर तो आधी ‘घाटावर’ की ‘घाटाखाली’ ते सांगतो, मग गावाचं नाव घेतो. अजिंठ्याची डोंगररांग जिल्ह्याच्या मधून आडवी गेलेली. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा ही घाटावरची गावं. मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर ही घाटाखालची, पूर्णेच्या खोऱ्यातली. बुलढाणा शहर समुद्रसपाटीपासून साधारण साडेसहाशे मीटरवर आहे, मलकापूर अडीचशेच्या आसपास. राजूर घाट उतरला की तास-सव्वा तासात चारशे मीटर खाली येतो आपण, आणि एवढ्यात माती बदलते, पाणी बदलतं, मे महिन्यातली झोपही बदलते. वर रात्री गच्चीवर गार वारा सुटतो, खाली कूलरसुद्धा गरम हवा फेकतो.

नर्सरीतली रोपं मात्र दोन्हीकडे तीच. गुलाब, क्रोटन, फायकस, एरिका पाम, कोपऱ्यात एखादा फॉक्सटेल, आणि गुंडाळी करून आणलेलं कार्पेट लॉन. चिखलीला जे लावतात तेच नांदुऱ्याला. एका ठिकाणी ते कसंबसं तगतं, दुसऱ्या ठिकाणी दुसऱ्या उन्हाळ्यात जळतं, आणि दोन्हीकडचे घरमालक म्हणतात, ‘आमच्या हाताला झाड लागत नाही.’ हाताचा इथं काही संबंध नाही. अंगण रोपांपासून आखायला घेतलं की हेच होणार. अंगणाची सुरुवात पाणी कुठून येतं, कुठं जातं आणि दुपारी चारला सावली कुठं पडते इथून होते. रोपांची यादी त्यानंतर. या जिल्ह्यात तरी हा क्रम उलटा करून चालत नाही.

नव्या ले-आउटमधला तीस बाय पन्नासचा प्लॉट घ्या. दीड हजार चौरस फूट. त्यातला हजारभर स्लॅबखाली जातो. घर उभं राहीपर्यंत पैसे संपलेले असतात, बँकेचा हप्ता सुरू झालेला असतो, आणि जी चार-पाचशे फूट जागा उरते तिला सगळे ‘उरलेली जागा’ म्हणूनच वागवतात. समोर गाडीपुरती फरशी, बाजूला तीन फुटांची बोळ, मागे टाकी, शिडी आणि बांधकामातून राहिलेल्या विटा. वास्तुशांतीला आठवडा असताना कुणीतरी म्हणतं, जरा गार्डन करून घ्या. मग दोन दिवसांत पेव्हर ब्लॉक बसतात, त्यांच्या कडेनं हिरवा पट्टा येतो. फोटोत छान दिसतं.

आता हिशेब करू. चारशे चौरस फूट लॉन म्हणजे 37 चौरस मीटर. वऱ्हाडातल्या एप्रिल-मेच्या उन्हात हिरवळ हिरवी ठेवायची तर चौरस मीटरला दिवसाला सहा-सात लिटर पाणी सहज लागतं. म्हणजे रोजचं अडीचशे लिटर. जलजीवन मिशनचं प्रमाण माणशी दिवसाला 55 लिटर. तेव्हा अंगणातलं ते गवत जवळजवळ पाच माणसांचं पाणी पितं. ज्या गावात नळाला आठ-दहा दिवसांआड पाणी येतं आणि मार्चनंतर टँकरवाल्याचा नंबर फ्रिजवर चिकटवलेला असतो, तिथं हे पाच जण बिनबोलावता जेवायला बसलेले आहेत.

उलट बाजूचाही हिशेब आहे, तो कुणी मांडत नाही. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. हजार फुटांचा स्लॅब म्हणजे 93 चौरस मीटर. जिल्ह्यात बऱ्या वर्षी साडेसातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. वीस टक्के उडालं, वाहिलं असं धरलं, तरी त्या एका छतावरून पंचावन्न हजार लिटर पाणी खाली येतं. पाच हजारांचे अकरा टँकर. ते चार इंची पाइपातून थेट रस्त्यावर सोडलेलं असतं, रस्त्यावरून नालीत जातं, आणि नाली तुंबली की शेजाऱ्याशी भांडण करून देतं. 2020 साली राज्यात एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली. तिच्यात पाऊसपाणी साठवण्याची सक्ती आहे, पण ती पाचशे चौरस मीटर आणि त्यावरच्या प्लॉटला. आपला प्लॉट भरतो एकशे चाळीस. म्हणजे ज्या आकाराच्या प्लॉटांनी आपली शहरं वाढत आहेत तो आकार कायद्याच्या चाळणीतून खाली गळलेला. घरमालकाच्या मनात आलं तर होतं, नाही तर नाही.

पाण्याचा असा विचार इथं नवा नाही. सिंदखेड राजाला बहुतेक लोक 12 जानेवारीला जातात, जिजाऊंच्या जन्मदिवशी. लखुजीराजे जाधवांच्या राजवाड्याच्या महाद्वारासमोर त्या दिवशी उभं राहायला जागा मिळत नाही. गर्दी सोडून एखाद्या साध्या वारी जावं. राजवाडा पाहून झाल्यावर मोती तलावाकडे जावं, चांदणी तलाव पाहावा, मग सजना बारवेच्या पायऱ्या उतराव्यात. वाडा, तलाव, बारव, मंदिरं ही सुटी सुटी ‘प्रेक्षणीय स्थळं’ म्हणून फलकावर लिहिली आहेत, पण चालत फिरलं की कळतं, वरच्या अंगाला पाणी अडवलेलं आहे आणि वस्ती त्याच्या भरवशावर बसलेली आहे. तलाव जमिनीवरचं पाणी धरतो, बारव जमिनीतलं पाणी हाताशी आणते. नीळकंठेश्वराच्या देवळाजवळही बारव आहेच. इथल्या जुन्या कारागिरांनी सौंदर्य वेगळं आणून चिकटवलेलं नाही. तलावाच्या भिंतीची घडण आणि बारवेच्या पायऱ्यांची चाल हीच शोभा. माझ्या मते जिल्ह्यातल्या प्रत्येक आर्किटेक्टनं प्लॅन काढण्याआधी एक दुपार सजना बारवेत बसून काढावी. निदान ऊन लागणार नाही.

राजेराजवाड्यांचं सोडा, साध्या कुणब्या-माळ्याच्या घरातही पाण्याची वाट ठरलेली असे. वऱ्हाडातलं जुनं घर धाब्याचं. भिंती पांढऱ्या मातीच्या, छत सपाट. लाकडी सऱ्यांवर किलच्या, त्यावर तुराट्या किंवा पळसाची पानं, आणि वर मातीचा जाड थर. या थरावर दर पावसाळ्याआधी खारी माती पसरत. खारी का, तर ओली झाली की तिची भोकं मिटतात आणि पाणी खाली झिरपत नाही, उतारानं पन्हाळीकडे जातं. ही गोष्ट लक्षात ठेवा, घाटाखाली गेल्यावर तिचं दुसरं तोंड दिसणार आहे.

घराच्या पुढं ओसरी, ओसरीपुढं शेणानं सारवलेलं अंगण, मध्ये तुळस. मागं परस. परसात न्हाणी, आणि न्हाणीचं पाणी जिथं बाहेर पडतं तिथं केळ, तिच्या पायाशी अळू. जरा पुढं, पाणी थोडं निवळल्यावर, कढीपत्ता आणि लिंबू. कुंपण तुराट्यांचं, त्यावर वाल नाहीतर दोडका चढवलेला. कोपऱ्यात शेवगा. ही रचना कुणी कागदावर काढली नव्हती. ज्या झाडाला जास्त पाणी लागतं ते पाण्याच्या तोंडाशी, ज्याला कमी लागतं ते लांब, एवढं साधं गणित. आज लँडस्केप आर्किटेक्ट ज्याला ‘पाण्याच्या गरजेनुसार विभाग’ म्हणतात आणि ज्याचे पैसे घेतात, ते हेच.

अंगणाला कामंही पुष्कळ होती. सकाळी सडा, दुपारी वाळवण, संध्याकाळी पोरींचा खेळ, रात्री बाजा टाकून झोप. भाद्रपदात भुलाबाई बसली की कोजागरीपर्यंत घरोघरच्या अंगणात मुलींचा गलका. उन्हाळ्यात कुरडया, शेवया, सांडगे घालायचे तर ऊन हवं आणि कावळा-कुत्रं हाकायला सावलीत बसायची जागाही हवी, म्हणजे ऊन आणि सावली शेजारी शेजारी लागायची. नव्या घराच्या बैठकीत आराखडा ठरतो तेव्हा चर्चा पार्किंगची होते, गेटच्या डिझाइनची होते. कपडे कुठं वाळणार, डाळ कुठं पाखडणार, म्हातारी सकाळचं ऊन खायला कुठं बसणार हे विचारायचं राहून जातं, कारण ज्यांना माहीत असतं त्या बाया त्या वेळी आत चहा करत असतात. अंगणाच्या बऱ्याच चुका या चहात आहेत.

आता माती. काळी माती कापसाला, सोयाबीनला चांगली, बांधकामाला खट. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. मे महिन्यात वावरात पडणाऱ्या भेगांत हात जातो, तीच माती प्लॉटखाली आहे. पेव्हर ब्लॉक बसवताना ठेकेदार वरचा चार-सहा इंचांचा थर काढून कच टाकतो आणि मोकळा होतो. पहिल्या पावसाळ्यात मधला भाग वर येतो, कडा बसतात, दिवाळीला त्यावर पाट मांडला तर तो डुगडुगतो. काळ्या जमिनीवर फरशी घालायचीच असेल तर काळी माती खोलवर काढून तिथं मुरूम भरून धुम्मस करावा लागतो, आणि तेही जिथं गाडी येणार तेवढ्याच पट्ट्यात. बाकी जागेवर नुसता मुरूम पसरून, कडेनं विटा उभ्या लावून वाट केली तर पैसा वाचतो, पाणी मुरतं, पायही भाजत नाहीत.

भिंतीलगत ओल हलत राहिली की काळ्या मातीतलं घर भेगाळतं. जोत्याला चिकटून वाफे करायची हौस अनेकांना असते. भिंतीशी जास्वंदीची रांग, रोज पाइपनं पाणी. तिथली माती फुगलेली राहते, घराखालची कोरडी राहते, आणि कोपऱ्यातून तिरकी भेग चढते. जोत्याभोवती दोन-तीन फुटांचा पक्का, बाहेर उतार असलेला पट्टा ठेवावा आणि लागवड त्याच्या पलीकडे करावी. मोठ्या झाडाचं उलट आहे, ते उन्हाळ्यात मुळांनी ओल ओढून घेतं आणि माती आकसवतं. म्हणून लिंब, म्हणजे कडुलिंब, लावायचा तर घरापासून पंधरा-वीस फूट तरी लांब. वड-पिंपळाचं नाव प्लॉटवर काढू नये, ते देवळापाशी शोभतात.

घाटावर आणखी एक भानगड असते. थोडं खोदलं की पांढरे चुनखडीचे खडे लागतात. अशा जमिनीत लिंबाची, म्हणजे कागदी लिंबाची, पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. घरमालक नत्राचं खत टाकत राहतो. झाडाला कमी पडलेलं असतं लोह. जमिनीत असूनही चुन्यापायी ते मुळांना मिळत नाही. खड्डा मोठा घ्यावा, चुनखडी काढून टाकावी, भरपूर शेणखत भरावं, एवढं सुरुवातीला केलं तर पुढची फवारणी टळते. मुरमाड, उताराच्या जागेवर तर सीताफळासारखं झाड नाही. अजिंठ्याच्या या डोंगरात ते आपणहून उगवतं, गुरं त्याला तोंड लावत नाहीत, पाणी मागत नाही, आणि दिवाळीच्या आसपास टोपलीभर फळं देतं. तरीही कंपाउंडच्या आत सीताफळ लावलेलं फार दिसत नाही. जे डोंगरात फुकट वाढतं ते गेटच्या आत लावायला बहुधा लाज वाटते.

घाटाखालची गोष्ट निराळी आहे. पूर्णेच्या दोन्ही तीरांनी अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतून जो पट्टा जातो त्याला ‘खारपाणपट्टा’ म्हणतात. विहिरीचं, बोअरचं पाणी खारं. संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव, नांदुरा भागातल्या गावांनी त्यापायी किडनीच्या आजारांचं दुखणं वर्षानुवर्षं सोसलं आहे. धरणाचं पाणी पाइपानं आणायच्या योजना त्यातूनच आल्या. अशा ठिकाणी बागेची चर्चा करणं काहींना चैन वाटेल. पण घर तिथंही आहे, ऊन तिथं जास्त आहे, आणि झाडाची गरज तिथं अधिक आहे. त्या भागातला एक घरमालक वाळलेल्या गुलाबाच्या रांगेकडे हात करून म्हणाला, ‘बोअरचं पानी देलं का झाड जयते. नाई देलं तं उन्हानं जयते. आता सांगा!’

सांगण्यासारखं आहे. खाऱ्या पाण्यातला सोडियम मातीच्या कणांना सुटं करतो, मग ओली माती लापशीसारखी होते आणि वाळली की विटेसारखी. वरचं पाणी खाली जात नाही. धाब्यावर जी खारी माती लोक मुद्दाम आणून टाकत ती याच गुणामुळे. छतावर जो गुण, तोच झाडाच्या आळ्यात अवगुण. तेव्हा इथं पहिलं काम माती मोकळी ठेवण्याचं. जमीन तपासून जिप्सम घालावं, शेणखत-कंपोस्ट सढळ हातानं घालावं, आणि आळ्यात कुटाराचा जाड थर द्यावा म्हणजे पाणी उडून मीठ वर येत नाही. जळगाव जामोदच्या कृषी विज्ञान केंद्रात माती-पाणी तपासण्याबद्दल चौकशी करता येते, अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठही लांब नाही. दुसरं काम, छताचं पावसाचं पाणी टाकीत धरून ठेवणं. ते गोड असतं. उन्हाळ्यात बोअरच्या पाण्यात तेच मिसळून दिलं तर रोपाचा जीव वाचतो, आणि पावसाळ्यात तेच पाणी आळ्यात सोडलं तर साचलेलं मीठ मुळांच्या खाली धुऊन नेतं. तिसरं, हट्ट सोडणं. गुलाब, शेवंती, कागदी लिंबू, आंबा ही खाऱ्याला हळवी मंडळी. बोर, चिंच, लिंब, कण्हेर, बोगनवेल, खजुरी ही सोशीक. डाळिंब आणि पेरू मधल्या फळीतले, जरा लाड केले तर नांदतात. कण्हेरीचा चीक विषारी असतो, तेव्हा रांगतं लेकरू असलेल्या घरात ती कुंपणाच्या बाहेरच्या अंगाला.

बाग म्हटलं की जिल्ह्यातल्या दोन पिढ्यांच्या डोळ्यांपुढं शेगावचं आनंद सागर येतं. गजानन महाराज संस्थाननं घाटाखालच्या रखरखीत माळावर तलाव केला, मधल्या बेटावर कन्याकुमारीच्या विवेकानंद स्मारकाच्या धर्तीवर ध्यान केंद्र उभारलं, हिरवळी, फुलझाडं, लेकरांसाठी आगगाडी. शाळांच्या सहली तिथं जात. मध्ये काही वर्षं ते बंद राहिलं, नंतर काही भाग पुन्हा खुला झाला. तिथली स्वच्छता आणि सेवेकऱ्यांची शिस्त पाहून आजही माणूस थक्क होतो. पण आमच्या घरगुती अंगणांवर त्याचा परिणाम विचित्र झाला. लोकांनी तिथून हिरवळ आणि कारंजं उचललं. त्यामागचा तलाव, पाइपलाइन आणि शेकडो हात घरी आणता येत नव्हते, ते राहिले. दीड हजार फुटांच्या प्लॉटवर सिमेंटचा हंस पाणी ओकतो, तेव्हा त्याच्या मागं आनंद सागर उभं असतं. बहुतेक हंस मे महिन्यात कोरडे असतात आणि पावसाळ्यात डासांना पाळतात.

यापेक्षा लोणार पाहून काही उचलायला हवं होतं. तळ्याचं पाणी खारं, अल्कधर्मी. पण विवराच्या काठावर धार आहे, तिचं गोड पाणी बारमाही वाहतं. त्या पाण्यावर विवराच्या आत एकेकाळी केळी-पपयांची बागायत होती. सरोवराच्या रक्षणासाठी ती शेती तिथून हटली, ते योग्यच झालं. बघायची गोष्ट एवढीच, की खाऱ्याच्या काठावरही गोडं पाणी जिथून उतरतं तिथं हिरवं राहतं. न्हाणीमागच्या केळीचं तत्त्व तेच.

मग तीस बाय पन्नासच्या प्लॉटवर करायचं काय? आधी ऊन बघायचं. बुलढाणा साडेवीस अक्षांशावर आहे. मेच्या उत्तरार्धात दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, दक्षिणेच्या भिंतीला त्याचा फारसा ताप नाही. छळ पश्चिमेचा. तीन ते सहा या वेळात तिरपं ऊन पश्चिमेच्या आणि वायव्येच्या भिंतीवर आदळतं, भिंत ते पिते आणि रात्री अकरापर्यंत खोलीत ओकत राहते. म्हणून एकच मोठं झाड लावायला जागा असेल तर ते पश्चिमेला. दक्षिण मोकळी ठेवावी. डिसेंबरात सूर्य तिकडं खाली झुकतो तेव्हा तेच ऊन हवंहवंसं वाटतं, घाटावर तर फारच.

झाड कोणतं? लिंब. फेब्रुवारी-मार्चमध्ये तो पानं टाकतो, एप्रिलपर्यंत नव्या पालवीनं भरून येतो, आणि जेव्हा सावली पाहिजे तेव्हा ती दाट असते. गुलमोहराचं वेळापत्रक याच्या उलटं, ऐन एप्रिलात तो उघडा असतो. शिवाय त्याचं लाकूड ठिसूळ, वळवाच्या वाऱ्यात फांदी गाडीवर येते. रस्त्याकडेला सरकारी कृपेनं आलेला सातवीण ऐन सणासुदीत असा वास सोडतो की काहींचं डोकं दुखतं. कोनोकार्पसची हिरवी भिंत झटपट उभी राहते खरी, पण गुजरात सरकारनं 2023 साली त्याच्या लागवडीवर बंदी घातली, एवढं कळल्यावर तरी नर्सरीवाल्याला ‘नको’ म्हणावं. जागा लहान असेल आणि लिंबाला पंधरा फूट देता येत नसतील, तर पश्चिमेच्या भिंतीपासून तीन-चार फुटांवर लोखंडी तारांचा मांडव टाकून त्यावर दोडका, वाल, कारलं चढवावं. जानेवारीअखेर बी टोबलं तर एप्रिलात भिंत झाकते, शिवाय भाजी मिळते. पारिजातक, कढीपत्ता, मोगरा, तगर ही भरणी त्यानंतर. बहावा लावला तर मेमध्ये जे पिवळं झुंबर लागतं त्यापुढं कारंजं काय करील!

मग सांडपाणी. पाच माणसांच्या घरात आंघोळ-कपड्यांचं दोनशे लिटर तरी रोज निघतं. लॉनला जेवढं लागतं जवळजवळ तेवढंच हे, आणि ते नालीत चाललंय. न्हाणीचं पाणी बाहेर पडतं तिथं गाळ बसायला छोटी कुंडी, पुढं खडी-वाळू भरलेली आठ-दहा फुटांची चारी, चारीत कर्दळ आणि अळू, शेवटाला केळ. उरलेलं पाणी शोषखड्ड्यात. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावानं घरोघरी शोषखड्डे करून उघड्या नाल्या आणि डास दोन्ही घालवले, तेव्हापासून ही युक्ती राज्यभर गेली. पण टेंभुर्णीचा खड्डा तसाच्या तसा घाटाखाली उतरवता येणार नाही, काळ्या चिकण मातीत पाणी मुरायला वेळ लागतो. खड्डा एकाऐवजी दोन, आळीपाळीनं. शिवाय धुण्याच्या पावडरीत सोडियम असतो. खारपाणपट्ट्यात मशीनचं पाणी झाडांना देणं म्हणजे दुखण्यावर मीठ. तिथं आंघोळीचं तेवढं पाणी बागेला द्यावं.

भाजीपाल्याची हौस असेल तर ‘उमेद’ अभियानानं बचत गटांतून पसरवलेली पोषण परसबाग चांगली. मधोमध पालापाचोळ्याचा खड्डा, भोवती गोल वाफे, दिवसागणिक एका वाफ्याची भाजी. अंबाडी, चवळी, पोकळा, मेथी, एक पपई. गोल रचनेत पाइप मधूनच सगळीकडे पोचतो आणि चालायची वाटही आपोआप होते. याच्या मागं कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांचं काम आहे असं मला नेहमी वाटतं, सरळ नातं सांगता येत नसलं तरी. ‘प्रयोग परिवार’ चालवणाऱ्या या गणिताच्या शिक्षकानं ‘विपुलाच सृष्टी’त हिशेब मांडला तो जमिनीच्या आकाराचा नव्हे, पानांवर पडणाऱ्या उन्हाचा. दहा गुंठ्यांत कुटुंब जगेल, असं ते सांगत. आपल्याकडे दहा गुंठे नाहीत, पाऊण गुंठाही मोकळा नाही. पण ऊन भरपूर आहे, आणि पेव्हरवर पडून वाया चाललंय.

लिंबाचा पाला अंगणात पडतो ही तक्रार प्रत्येक ले-आउटमध्ये ऐकू येते. शेजाऱ्याच्या गच्चीवर गेला तर तक्रारीचं भांडण होतं. मेहकरकडच्या एका काकूंनी त्यावर तोड काढली होती. पाला झाडून त्या सरळ वांग्याच्या आळ्यात लोटत, शेजारणीकडचाही मागून घेत. ‘तिचा कचरा गेला, माझं खत झालं. आता तीच विचारते, आज पाला नेता का?’ शेजारणीला वर वांगीही मिळत असणार, ते त्यांनी सांगितलं नाही.

हे सगळं करायचं तर खर्चाच्या आधी एक काम फुकटचं आहे. पहिल्या मोठ्या पावसात छत्री घेऊन प्लॉटवर उभं राहायचं, पाणी कुठून शिरतं, कुठं साचतं, कुठून बाहेर पडतं ते बघायचं आणि विटा ठेवून खूण करायची. मे महिन्यात दुपारी चारला पुन्हा जायचं आणि सावलीच्या कडेनं फक्कीची रेघ मारायची. विटा आणि रेघ या दोन खुणा कागदावर उतरवल्या की आराखडा अर्धा झाला. उरलेला अर्धा मिस्त्रीशी बोलण्यात होतो. मुरूम अंथरून झालेला असतो, दोरी ताणलेली असते, आणि तो विचारल्याशिवाय सगळा उतार गेटकडे काढतो. का म्हणून विचारलं तर उत्तर ठरलेलं, ‘पानी रोडवरच काढा लागते ना साहेब, सारेच तसंच करतात.’ त्या क्षणी त्याला थांबवून, दहा फुटाला एक इंच या हिशेबानं दोरी आतल्या आळ्याकडे, चारीकडे, लिंबाच्या खड्ड्याकडे झुकवून घ्यायची, आणि जास्तीचं पाणी तेवढं गेटपाशी निघेल अशी एकच वाट ठेवायची. तो कुरकुरेल, लेव्हल ट्यूब दोनदा फिरवेल. माल कालवण्याआधी हे झालं तर जादा एक रुपयाही लागत नाही. माल पडल्यानंतर ब्रेकर भाड्यानं आणावा लागतो.